कीबोर्डच्या वर्गात टोन बनवणेही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा आटोपल्या की आपल्या शहर पुरवणीत उन्हाळी वर्गांच्या जाहिराती ओळीने येऊ लागतात आणि त्यांत कीबोर्डचा वर्ग हमखास असतो. धंतोली असो की मानेवाडा, शिकवणी साधारण एकाच वळणाची: अलंकार, चार कॉर्ड, एक प्रार्थना, दोन-तीन सिनेमाची गाणी आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. बोटे बसतात, हे चांगलेच आहे. पण ती बोटे ज्या आवाजात वाजतात तो आवाज कशाचा बनला आहे, याबद्दल महिनाभरात एक वाक्यही निघत नाही. मुलाला टोनचा नंबर तेवढा पाठ होतो. पुढे तो लॅपटॉपवर सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारे सॉफ्टवेअर, टाकतो तेव्हाही तेच करतो. शेकडो प्रीसेट, म्हणजे तयार टोन, चाळतो आणि जवळपासचे काही सापडले की त्यावर भागवून घेतो.

या वर्गांनी रोजची शेवटची पंधरा मिनिटे टोन बनवायला द्यावीत, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. त्यासाठी नवे वाद्य घ्यावे लागत नाही.

विदर्भात या कामाला गिऱ्हाईक आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. भीमगीतांचे कार्यक्रम, ऑर्केस्ट्रा, गणपती-दुर्गेचे मंडप, घरगुती स्टुडिओतली रेकॉर्डिंग, सगळीकडे कीबोर्डवाला लागतो. गायक म्हणतो, ‘सनई जरा टोचते, मऊ कर.’ ज्याला कटऑफ, म्हणजे आवाजातला टोचरा वरचा भाग जिथून कापायचा ती सीमा, कळते तो दहा सेकंदांत मऊ करतो. ज्याला कळत नाही तो दुसरी सनई शोधायला यादीत शिरतो आणि तोवर अंतरा संपतो.

सुरुवातीला सॉफ्टवेअर एकच धरावे. ‘सर्ज एक्सटी’ हा सिंथ संपूर्ण मोफत आहे. तो २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाला, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराशिवाय एकटाही उघडतो. ‘व्हायटल’ची मूळ आवृत्तीही मोफत मिळते, त्यात लहर पडद्यावर हलताना दिसते, त्यामुळे लहान मुलांना तो सोपा जातो. महागड्या सिंथच्या चोरट्या प्रती पेन ड्राइव्हवरून फिरतात, त्या घेऊ नयेत. त्यांच्यासोबत व्हायरस येतात आणि त्या ऐन कार्यक्रमात बंद पडतात. शिवाय वीस सिंथ जमवणाऱ्याला त्यांतला एकही नीट येत नाही. वर्षभर एकाच सिंथवर हात बसवणारा पुढे कोणताही सिंथ अर्ध्या तासात ओळखीचा करून घेतो, कारण आतली रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते.

पहिला दिवस प्रीसेटने सुरू करू नये. ‘सर्ज’मध्ये ‘टेम्प्लेट्स’ या गटात ‘इनिट सॉ’ नावाचा कोरा पॅच (साठवलेला टोन) आहे, तो उघडावा. त्यात एक करवती लहर असते, बाकी काही नाही. आवाज कर्कश आणि ओबडधोबड वाटतो. तसाच वाटायला हवा, कारण तो कच्चा माल आहे. करवती लहरीत मूळ स्वराच्या सगळ्या पटी असतात: २२० हर्ट्झचा स्वर धरला तर ४४०, ६६०, ८८० आणि पुढच्या सगळ्या. दुसरी पट निम्म्या जोराची, तिसरी एक तृतीयांश, अशा उतरत्या भाजणीने. चौकोनी लहरीत फक्त विषम पटी असतात, म्हणून तिचा आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या वळणाचा लागतो. त्रिकोणी लहरीतही विषमच, पण त्या फार झपाट्याने उतरतात, म्हणून ती मऊ. मुलांना ही आकडेमोड सांगायच्या आधी तिन्ही लहरी डोळे मिटून ओळखायला लावाव्यात. आठवडाभरात कान तयार होतो.

मग फिल्टर. लो-पास फिल्टर म्हणजे चाळणी: कटऑफच्या वरचे दाबत नेते. २४ डेसिबलचा फिल्टर १००० हर्ट्झवर ठेवला तर २००० हर्ट्झचा अंश सुमारे २४ डेसिबलने खाली जातो, १२ डेसिबलचा त्याच्या निम्म्याने. रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या काठावरचा भाग उचलला जातो आणि आवाज नाकात बोलल्यासारखा होतो. नवशिके हमखास इथे चुकतात. ते रेझोनन्स वाढवतात, तो भाग एकदम फुगतो आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. रेझोनन्सला हात लावण्याआधी व्हॉल्यूम कमी करावा आणि हेडफोन कानावर असेल तर नक्कीच करावा.

तिसरी गोष्ट एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यापासून विझेपर्यंत आवाज कसा चढतो-उतरतो त्याची रेषा. अटॅक (चढणे), डिके (थोडे उतरणे), सस्टेन (टिकणे) आणि रिलीज (सोडल्यावर विरणे) या चार नावांतला सस्टेन हा वेळ नसून पातळी आहे, हे शिकवताना ठासून सांगावे लागते. बाकीचे तिघे मिलिसेकंदांत मोजतात, सस्टेन टक्क्यांत. हे न कळल्यामुळे मुले सस्टेन पूर्ण ठेवून डिके फिरवत बसतात आणि काहीच बदलत नाही म्हणून नॉब बिघडला समजतात. सस्टेन १०० टक्के असेल तर डिकेला उतरायला जागाच उरत नाही.

आता एक टोन मुळापासून बनवू. पेटीच घ्यावी, कारण ती मराठी घराच्या कानात आहे आणि चुकली की लगेच कळते. बास-मेल पेटीत एका पट्टीखाली दोन रीड असतात, एक खर्जाची आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली. बास-मेल-मेल असेल तर तीन. ‘सर्ज’मध्ये ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारे भाग, तीनच आहेत, हे जमून येते. पहिला ऑसिलेटर पल्स लहरीचा, म्हणजे कमी-जास्त रुंदीच्या चौकोनी लहरीचा: ‘शेप’ पूर्ण डावीकडे, रुंदी ३० टक्क्यांच्या आसपास. रुंदी ५० टक्के ठेवली तर सम पटी गायब होऊन आवाज क्लॅरिनेटकडे झुकतो. अरुंद पल्समध्ये त्या परत येतात आणि रीडचा भणभणाट मिळतो. दुसरा ऑसिलेटर करवती, एक सप्तक खाली, मिक्सरमध्ये पहिल्यापेक्षा ६ डेसिबल हळू. तिसरा पहिल्याचीच नक्कल, पण ३ सेंट चढा; सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग.

हे ३ सेंट म्हणजे काय ते मुलांना ऐकवून दाखवावे. ४४० हर्ट्झच्या स्वरावर ३ सेंटचा फरक सेकंदाला पाऊण ठोका देतो, म्हणजे आवाज हळूच श्वास घेतो. तोच फरक १० सेंट केला तर सेकंदाला अडीच ठोके होतात आणि पेटी जत्रेतल्या अकॉर्डियनसारखी डुलू लागते. सेंट तेच ठेवून वरच्या सप्तकात गेलात तर ठोके दुप्पट होतात. मध्य सप्तकात गोड वाटणारा टोन तार सप्तकात बेसूर का वाटतो, त्याचे कारण हे. टोन नेहमी तिन्ही सप्तकांत वाजवून मगच पक्का करावा.

फिल्टर १२ डेसिबलचा लो-पास, कटऑफ २५०० ते ३००० हर्ट्झ, रेझोनन्स जवळजवळ शून्य. कीट्रॅक ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावा, म्हणजे वरच्या स्वरांबरोबर कटऑफही थोडा वर सरकतो. तो शून्य राहिला तर तार षड्ज कांबळ्याखालून वाजल्यासारखा येतो. व्हॉल्यूमचा अटॅक ३० ते ४० मिलिसेकंद, कारण रीड हलायला थोडी हवा लागते. सस्टेन पूर्ण, रिलीज ८० मिलिसेकंद. मिक्सरमध्ये नॉइज अगदी चिमूटभर, ऐकू येतो-न येतो इतकाच.

इथवर पेटीचा आवाज तयार होतो, पण पेटी वाजत नाही. त्याचे कारण भाता. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून स्वर मोठा होत नाही. जोर भात्यात असतो. सिंथला मात्र बोटाच्या जोरावर आवाज कमी-जास्त करायची सवय लावलेली असते. म्हणून ‘व्हेलॉसिटी’चा व्हॉल्यूमवरचा परिणाम शून्य करावा. त्याऐवजी मॉड्युलेशन व्हील (कीबोर्डच्या डावीकडचे चाक), किंवा असेल तर एक्सप्रेशन पेडल, व्हॉल्यूमला जोडावे आणि थोडेसे कटऑफलाही, कारण भाता दाबला की स्वर मोठाही होतो आणि उजळतोही. डावा हात चाकावर ठेवून उजव्या हाताने एक ओळ वाजवली की भाता चालतो आहे असे वाटू लागते. व्हायब्रेटो, कोरस आणि डीले यांतले काहीही घालू नये. पेटीत ते नसते.

पेटीचीच निवड करण्यामागे आणखी एक हेतू आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये सैल केली, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेव्हाचे मुख्य आक्षेप दोन होते: पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि तिचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले असल्याने श्रुतींना, म्हणजे स्वरांच्या बारीक जागांना, न्याय मिळत नाही. सॉफ्टवेअर सिंथमध्ये या दोन्ही आक्षेपांना उत्तर आहे, तेही मोफत. आमच्या शहरात शास्त्रीय संगीताचे इतके वर्ग असताना तिथे ही गोष्ट पोहोचलेली नाही, याचे मनापासून वाईट वाटते.

मींडेसाठी ‘सर्ज’मध्ये ‘प्ले मोड’ बदलून ‘मोनो एसटी प्लस एफपी’ करावा आणि पोर्टामेंटो, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरायचा वेळ, ८० ते १५० मिलिसेकंद ठेवावा. यात पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली तरच स्वर घसरतो. सोडून दाबली तर खडा स्वर लागतो. म्हणजे मींड घ्यायची की नाही, हे वाजवणाऱ्याच्या बोटात राहते. हा पर्याय न निवडता नुसता पोर्टामेंटो वाढवला की प्रत्येक स्वर घसरत येतो आणि सगळी ओळ दारू प्यायल्यासारखी वाटते. अशा वाजवण्यामुळेच सिंथ बदनाम झाला.

श्रुतींसाठी एक साधी मजकुराची फाइल लागते, तिला स्काला फाइल म्हणतात. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत काहीही नाव, दुसऱ्या ओळीत १२ हा आकडा आणि पुढे एकेका ओळीवर हे बारा अपूर्णांक: १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. फाइलमध्ये हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करायचे. षड्जाचा १/१ लिहायचा नाही, तो गृहीत असतो. तो लिहिला तर एक ओळ जास्त होते आणि सगळे स्वर एक घर सरकतात. अपूर्णांकाऐवजी सेंट लिहायचे असतील तर आकड्यात दशांश टिंब हवेच. पंचमासाठी ७०२.० असे लिहावे. नुसते ७०२ लिहिले तर सिंथ त्याला ७०२ पट समजतो आणि पंचम ऐकण्याच्या पलीकडे निघून जातो. फाइल साठवताना नोटपॅड शेवटी ‘टीएक्सटी’ जोडते, ते काढून ‘एससीएल’ करावे. मग ‘सर्ज’च्या ट्यूनिंगच्या मेनूतून ती उघडावी.

फरक ऐकायचा तर तानपुऱ्याचे ॲप पांढरी एकवर लावून शुद्ध गंधार दाबून धरावा. नेहमीच्या कीबोर्डवरचा हा गंधार ३२९.६ हर्ट्झचा असतो, ५/४ चा गंधार ३२७ हर्ट्झचा, म्हणजे सुमारे १४ सेंट उतरा. आकडा किरकोळ वाटतो. पण षड्जाची पाचवी पट आणि गंधाराची चौथी पट एकाच जागी यायला हवी. कीबोर्डच्या गंधारात त्या दोघींत सुमारे १० हर्ट्झची फट राहते आणि सेकंदाला दहा ठोक्यांची खरखर सतत ऐकू येते. फाइल उघडली की ती खरखर थांबते आणि गंधार तानपुऱ्यात विरघळतो. हा क्षण वर्गात एकदा ऐकवला तर संवादी स्वर म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. कोमल निषादाचे दोन पर्याय लक्षात ठेवावेत: कोमल गंधाराशी संवाद हवा तर ९/५, मध्यमाशी हवा तर १६/९. आणि ही फाइल सा पांढरी एकवर धरते. गायकाची पट्टी काळी दोन असेल तर कीबोर्ड मॅपिंगची वेगळी फाइल जोडून सा हलवावा लागतो. ते न करता तसेच वाजवले तर साध्या कीबोर्डपेक्षा जास्त बेसूर होईल.

दुसरे उदाहरण घंटेचे, आणि ते थोडक्यात, कारण इथे फिल्टर लागतच नाही. एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवण्याची, जॉन चौनिंग यांनी स्टॅनफर्डमध्ये शोधलेली एफएम पद्धत यामाहाने १९८३ च्या डीएक्स-७ मध्ये आणली. त्या कीबोर्डची नक्कल करणारा ‘डेक्स्ड’ हा सिंथ मोफत आहे. एक ऑपरेटर, म्हणजे लहर देणारा भाग, १.०० या प्रमाणावर, त्याला हलवणारा दुसरा १.४० वर, बाकी चार बंद. २०० हर्ट्झच्या स्वराला २८० ने हलवले की ८०, ३६०, ४८०, ७६० असे अंश निघतात. ते २०० च्या पटीत बसत नाहीत आणि धातूचा आवाज या न बसण्यातूनच येतो. दोन्ही ऑपरेटरची पातळी सुरुवातीला भरपूर ठेवून हळूहळू शून्यावर उतरू द्यावी. दुसऱ्याची उतरली नाही तर टोल शेवटपर्यंत किणकिणत राहतो; खरी घंटा विझताना मऊ होत जाते.

आता बिघाडांकडे वळू. स्वराच्या सुरुवातीला ‘टक्’ असा आवाज येतो, कारण अटॅक शून्य असतो आणि लहर मधूनच एकदम सुरू होते. २ ते ५ मिलिसेकंद अटॅक दिला की तो जातो. खर्जात थोडा जास्त लागतो, कारण ५० हर्ट्झच्या लहरीचा एक फेराच २० मिलिसेकंदांचा असतो. एक स्वर स्वच्छ आणि कॉर्ड फाटका येत असेल तर पातळी बघावी. चार स्वर एकत्र आले की वाईटात वाईट परिस्थितीत १२ डेसिबल वाढतात, म्हणून एकटा स्वर मीटरवर उणे १२ च्या खाली ठेवावा. दोन टोनची तुलना करताना आवाज सारखा करून घ्यावा, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. आणि टोन बनत असेपर्यंत रिव्हर्ब बंद ठेवावा. कच्चा टोन रिव्हर्बखाली झाकला जातो आणि हॉलमध्ये, जिथे मुळातच घुमारा असतो, उघडा पडतो.

मंडपाचे गणित आणखी वेगळे. तिथले स्पीकर बहुधा मोनो जोडलेले असतात. हेडफोनवर डावी-उजवीकडे पसरवलेला भरदार टोन मोनोमध्ये एकमेकाला खातो आणि पातळ होतो. म्हणून मोनो करून ऐकल्याशिवाय टोन स्टेजवर नेऊ नये. उलट बाजूने, मोबाइलच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा बास जवळजवळ निघतच नाही. रेकॉर्डिंग मोबाइलवरच ऐकले जाणार असेल तर त्या बासला थोडे डिस्टॉर्शन द्यावे. १००, १५० आणि त्यावरच्या पटी तयार होतात, त्यांतल्या वरच्या मोबाइलला काढता येतात आणि कान त्यांवरून मूळ खर्ज स्वतः भरून घेतो.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर सिंथला दोष देण्याआधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावावा. मग बफर, म्हणजे आवाज एका वेळी किती मोठ्या तुकड्यात पुढे जातो ते, बघावे. ४८००० च्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर २१ मिलिसेकंद घेतो, ते हाताला जाणवते. २५६ चा साधारण ५ घेतो. विंडोजवर ऑडिओ सेटिंगमध्ये असिओ (उशीर कमी करणारा ड्रायव्हर) असेल तर तो, नाहीतर एक्सक्लुझिव्ह मोड निवडावा. बफर फार खाली नेला तर तडतड सुरू होते. आपल्याकडे तिचे आणखी एक कारण असते. मे महिन्यात पारा ४५ वर असताना प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि सकाळी नीट चाललेला पॅच दुपारी तडतडतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालून हवा खेळू द्यावी आणि युनिसन, म्हणजे एकाच स्वराच्या एकत्र वाजणाऱ्या नकला, कमी करावा. सात आवाजांचा युनिसन, दोन ऑसिलेटर आणि चार बोटांचा कॉर्ड म्हणजे एकाच वेळी ५६ लहरी मोजायच्या असतात. तीन आवाजांवर त्या २४ होतात आणि मंडपात कुणाला फरक कळत नाही.

वर्गचालकांना एवढेच सुचवायचे आहे की पहिल्या दिवशी कोरा पॅच आणि तीन लहरी घ्याव्यात, शेवटच्या आठवड्यात पेटी. प्रत्येक मुलाने आपला पॅच वेगळ्या नावाने साठवावा. ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘फायनल’ अशी नावे महिन्याने कुणालाच कळत नाहीत. ‘पेटी, मऊ, चाकावर भाता’ असे लिहिले की दुसऱ्यालाही वाजवता येते. आणि पालकांसमोरच्या कार्यक्रमात एखाद्या मुलाला गाण्याऐवजी स्वतः बनवलेली पेटी वाजवू द्यावी.

आपला,
ध्वनिमुद्रण क्षेत्रातील एक वाचक
प्रतापनगर, नागपूर